न कापलेली पानं

सोमवार, ४ नोव्हेंबर

थप्, थप्. आई मला थोपटून निजवायची, तो आवाज. एक थाप माझ्या पाठीवर, एक शेजारच्या मोकळ्या गादीवर. मला वाटायचं, सगळ्याच आया असं थोपटत असणार. नुसत्या एका थापेला ताल कुठून येणार? आज सत्तर वर्षांनी तो आवाज पुन्हा कानात आला, आणि तोही भाचीच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात, धाप लागून तिसऱ्या पायरीवर थांबलो होतो तेव्हा.

तर आलो एकदाचा. खोली झकास आहे. प्रयोगशाळेच्या आवारातच पाहुण्यांसाठी बांधलेली, खिडकीसमोर लाकडी बाक, त्यामागे गवत. दाराला जुन्या पद्धतीची कडी आहे, ती फारच आवडली. भाचीनं दटावलं, मामा, महिनाभर इथून हलायचं नाही, आणि पुन्हा जिन्यात दिसलास तर पाय बांधून ठेवीन. हिला बाराखडी मी गिरवायला शिकवली. चालायचंच.

सामान म्हणाल तर चार सदरे, शाळेतली कवितांची पुस्तकं आणि माझी हाडाची पट्टी. अठ्ठेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली ती या पट्टीवर. घडी बसवायला तीच, पान कापायलाही तीच. ही रोजनिशीही मीच बांधली आहे. घडीच्या कडेला जोडलेली पानं मुद्दाम कापलेली नाहीत. रोज लागेल तेवढंच पान कापायचं. उद्याचं पान माणसानं आज बघू नये.

कशासाठी आलो तेही लिहून ठेवतो. माझं हृदय थकलंय. भाची माझ्याच पेशींपासून त्याला ठिगळ तयार करते आहे. पंचवीस तारखेला ते लावायचं. लागलं तर पाच-सात वर्षं मिळतील, नाही तर हा हिवाळा. मला पाच-सात वर्षं हवीत. पुष्कळ कविता अजून पुन्हा वाचायच्या आहेत.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पांढरा डगला चढवून आज तळमजल्यावर दोन काचेच्या बशा पाहिल्या. पहिलीत माझ्या दंडाच्या कातडीपासून केलेलं हृदय. ठिगळ याचंच होणार. दुसरीत खुद्द हृदयातून काढलेल्या कणापासून वाढवलेलं, ते फक्त ताडून पाहायला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही उडत होती! आधी एक, मग दुसरं. थप्, थप्.

कातडीचं हृदय कसं होतं म्हणून विचारलं. भाची म्हणाली, प्रत्येक पेशीत अख्खं पुस्तक असतं, माणूस कसा करायचा त्याचं. पण ते लांबलचक दोऱ्यावर लिहिलेलं आणि दोरा बारीक बारीक रिळांवर गुंडाळलेला. त्या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. ती कुठे सैल करायची, कुठे आवळायची, हे बघणारे कारागीर पेशीतच असतात. हृदयाच्या पेशीत हृदयाचा भाग सैल आणि हाडाचा घट्ट मिटलेला. हाडाच्या पेशीत उलट. मी म्हटलं, अगं, मग हे आमचंच खातं! फर्म्याची, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची, घडी घातली की सोळाच्या सोळा पानं आत असतात, पण कापली तेवढीच वाचता येतात. ती हसली. म्हणाली, मामा, हे आधी सांगितलं असतंस तर माझं निम्मं शिक्षण वाचलं असतं.

तिथे बसल्या बसल्या शाळेतली एक कविता ओठांवर आली. वर्गाची डावी बाजू पहिली ओळ म्हणायची, उजवी बाजू उत्तर द्यायची. मी डावीकडे.

*उंबऱ्यावरी ऊन ठेपले, कोण ठोकते दार?*
*तुझाच मी रे, तुझ्यासारखा, उशीर झाला फार.*

उशिरा उठणाऱ्या मुलाला ऊन हाक मारतं, अशी कविता. किती निरागस! गंमत म्हणजे मी गुणगुणत होतो त्याच तालात दुसऱ्या बशीतलं हृदय उडायला लागलं. पहिलं अडखळत होतं. भाचीला सांगितलं, तर म्हणाली, कानाचे खेळ आहेत तुझ्या.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पहिली बशी थांबली. रात्रीतून तिच्यात वाळूसारखे कण धरले. भाची म्हणाली, हाडाची पानं आपोआप उघडली, असं क्वचित होतं. दुसरा घाणा टाकते. काचसामान धुणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे आजोबांचं काळीज दगडाचं निघालं म्हणायचं! आम्ही तिघंही हसलो. मी जरा कमी.

दुसरी बशी छान उडते आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

दुसरा घाणाही हाड झाला. अख्खा. चिमट्यानं टकटक वाजवून दाखवला.

भाची चक्रावली. चौदा दिवस उरलेत आणि ठिगळ नाही. तिनं दोन्ही बशा ताडून पाहिल्या, तर जुळेनात. बशांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल कुणी केली म्हणून साऱ्या खोलीवर ओरडली. मग माझ्या गालाच्या आतून, दंडातून पुन्हा नमुने घेतले. पुन्हा तेच. संध्याकाळी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, मामा, या बशा एका माणसाच्या नाहीत. दोन सख्ख्या भावांच्या आहेत.

मला भाऊ नाही. आईला आम्ही दोनच, ताई आणि मी.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताईला फोन केला. ऐंशी उलटली तरी आवाज खणखणीत. आधी म्हणाली, नसत्या उखाळ्या काढू नकोस. मग सांगितलं.

मी पोटात असताना सुईणीनं पोटाला लाकडी नळी लावली. तिला दोन ठोके ऐकू आले, वेगवेगळे. आईनं दोन झबली शिवली. पुढच्या खेपेला एकच ठोका होता. जन्मलो मी एकटा. दुसरा कुठे गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. आई मरेपर्यंत दुसऱ्यालाही थोपटत राहिली. मला ती धाकटा म्हणायची. मला वाटे, ताई मोठी म्हणून. ताई म्हणाली, अरे वेड्या, माझ्यामुळे नव्हे. तो थोरला.

भाचीनं उरलेलं समजावलं. असं घडतं म्हणे. पोटात अगदी सुरुवातीला दोन जीव एकमेकांत मिसळतात आणि एकच मूल वाढतं. काही अवयव एकाच्या पेशींचे, काही दुसऱ्याच्या. सुईणीचे दोन ठोके मात्र तिच्या हिशेबात बसत नव्हते. माझी कातडी माझी, हाडं माझी. हृदय त्याचं.

ती खूश आहे. कोडं सुटलं, आता ठिगळ त्याच्या पेशींचं करू, त्या मुळातच हृदयाच्या. पंचवीस तारीख पक्की. मलाही आनंद व्हायला हवा. पण मी बसून राहिलो. बायको पहिल्यांदा दिसली तेव्हा छातीत जी धडधड झाली, ती कुणाची? कविता म्हणताना भरून यायचं, ते कुणाला? मी तर नुसता पुठ्ठा. आतला मजकूर त्याचा.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज एक मागणं मागितलं.

मला न कापलेली पानं बघवत नाहीत, धंद्याची खोड. त्या बिचाऱ्याच्या दोऱ्यावरही हाडांचं प्रकरण असणारच, चौऱ्याहत्तर वर्षं मिटलेलं. सारा जन्म माझ्या फासळ्यांत बसून उडत राहिला, कधी उभा राहिला नाही, चालला नाही. मी म्हटलं, एका वेगळ्या बशीत त्याच्या पेशींची हाडाची पानं उघडून बघ. एवढंसं हाड होऊ दे त्याचं. भाचीनं वेड्यात काढलं. मग विचार करून म्हणाली, तिलाही बघायचंच होतं ते कारागीर ही गुंडाळी सैल करतात का. तीन आठवडे लागतील म्हणाली.

बशीत औषध सोडताना मी मनात कविता म्हटली. आज दोन्ही ओळी मीच म्हटल्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तीन आठवडे नाही, दोन दिवस. बशीत पांढरे कण धरले, पण विखुरलेले नाहीत. रांगेत. तीन. मधे सांधे. मावशी बघून म्हणाल्या, अगंबाई, करंगळी. भाची हसली नाही. असं व्हायला नको, कुणी सांगितल्याशिवाय पेशी आकार धरत नाहीत, म्हणाली.

मावशींनी आणखी एक सांगितलं. काल दुपारी तुम्ही बाकावर होता, हाक मारली तर ओ दिली नाहीत, एवढा कसला राग आजोबा? काल मी खोलीबाहेर पडलोच नव्हतो. तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, सदरा तुमचाच, टक्कल तुमचंच. पण बसणं कसलं ते, रिकाम्या पोत्यासारखं. अंगात हाडंच नसल्यासारखं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

हाडाची पट्टी सापडत नाही. गादी झटकली, सामान उपसलं. नाही.

आजचं पान कापायला सुरी घेतली तर पान कापलेलंच होतं. त्यापुढचंही. शेवटपर्यंत सगळी. सफाईदार काम, माझ्या हाताचंच म्हणावं, पण कापलंय डाव्या हातानं. कडेच्या तंतूंवरून कळतं मला. मी उजवा आहे.

चहाचा कप उचलताना उजवी करंगळी मागे वळली. पार मागे. दुखलं नाही. भाचीनं हाताचा एक्स-रे काढला. हाडं फिकट, शाई कमी पडलेल्या छपाईसारखी. तिनं फोटो उलटा ठेवला आणि पंचवीसपर्यंत सोस म्हणाली. तेव्हा सगळं नीट होईल म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दुपारी भिंतीवर थप्. थोड्या वेळानं पुन्हा. ठोकल्यासारखं नाही. मऊ. ओल्या कणकेचा गोळा आपटावा तसं.

भाचीला सांगितलं, त्या करंगळीच्या बशीतलं मारून टाक. आत्ताच्या आत्ता. गेली. परत आली तेव्हा ओठ पांढरे. बशी रिकामी होती. झाकण जागच्या जागी.

मी मागितलं होतं. तिचा दोष नाही. मीच बोलावलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

उभं राहवत नाही. पाय घडी पडल्यासारखे — गुडघ्यात नव्हे, मधेच.

बाकावर तो आहे. काल पाठ वाकलेली होती. आज ताठ. मावशींनी त्याला चहा दिला — मला वाटतं त्यांना तो मीच वाटला.

ताईचा फोन. भाचीनं सगळं कळवलं असणार. म्हणाली, घाबरू नको, आई म्हणायची तो गुणी आहे. मग रडायला लागली — म्हणाली, त्याला त्याचं मिळालंच नाही रे कधी —

एवढंच मागायचंय की उद्यापर्यंत हे हृदय राहू दे. ठिगळ लागू दे. मग अर्धं अर्धं — काहीतरी ठरवू —

सोमवार, २५ नोव्हेंबर

अकरा वाजता भाची चाकाची खुर्ची घेऊन येणार. डाव्या हातात पेन धरून लिहितो आहे, उजवा हात नुसता मांडीवर. बाक रिकामा. उंबऱ्यावर ऊन आलंय.

पावलं. भाची नव्हे — तिच्या किल्ल्या वाजतात. ही जड पावलं. टाच, मग बोटं. नवीनच चालायला शिकलेल्या माणसाची —

ठक्.

हा आवाज मऊ नाही. पेरांचा आहे. हाडांचा.

ठक्. ठक्. मी मोजतो आहे. हाच ताल — दुसऱ्या बशीचा. हात छातीवर ठेवला. छातीत काही नाही. काहीच उडत नाही. ठोका दारावर आहे — माझा सगळा ठोका दारावर —

धाकट्या, म्हणतो आहे. आईसारखं. ओळ म्हणतो आहे, दुसरी ओळ — उजवीकडच्या मुलांची —

कडीच्या फटीतून पट्टी आत आली. माझी पट्टी. हळूच, घडी उकलावी तशी, कडी वर —

तो किती माझ्या —