आमची घरची पोरं

२२ एप्रिल, मंगळवार

फेब्रुवारीनंतर आज वही उघडते आहे. तिची माफी मागायला हवी. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. सगळं बरं चाललेलं असलं की मी स्वतःला प्रश्न विचारायचं टाळते.

तर सगळं बरं चाललंय! गुड फ्रायडेला रग्बीत आमच्या क्रॅगथॉर्पनं शेजारच्या गावाला हरवलं. त्यांनी एक ऑस्ट्रेलियन आणि दोन न्यूझीलंडचे खेळाडू विकत आणले होते. आमच्या तेरा जणांपैकी नऊ आमच्याच क्लबच्या अकादमीतले. त्यांना मी सरावानंतर जीवशास्त्र शिकवलंय, डबे विसरले तर डबे पुरवलेत, आयांशी भांडले आहे.

सकाळी दुकानात पोर्क पाईच्या रांगेत म्हातारा हॉर्सफॉल म्हणाला, “पोरी, लेकरं घेऊन कप येत नसतो. एखादा मोठा गडी आणा म्हणावं.”

“शुक्रवारी कोण जिंकलं हो, काका?”

“ते शुक्रवारचं झालं!”

अख्खी रांग हसली. मीही.

एक गोष्ट मात्र झाली. शेवटच्या पाच मिनिटांत एलिस थॅकरेला डोक्याला मार लागला. एकोणीस वर्षांचा, आमचा स्टँड-ऑफ. चेंडू कुठे जायचा ते तोच ठरवतो. आता विश्रांती, मग चाचण्या. कपची उपांत्य फेरी दहा मेला आहे. तोवर बरा होईल.

२९ एप्रिल

पाऊस. अकादमीचं माहितीपत्रक लिहून छापायला दिलं. ‘आमच्याकडे मोठी पोरं धाकट्यांना घडवतात.’ वाक्य मलाच आवडलं.

२ मे, शुक्रवार

एलिस चाचणीत पास. संगणकावर शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे सांगायचे वगैरे. हंगामाआधी त्याला जितके गुण होते तितकेच आज. म्हणजे डोकं ठिकाणावर! डॉक्टर खूश. प्रशिक्षक बॅरी मिल्नर तर शीळ घालत गेला.

नंतर एलिस माझ्या खोलीत येऊन बसला. “बाई, दिवा बंद केला तर चालेल?” बहिणीला बेकरीत नोकरी लागल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं — त्याच शब्दांत.

बहिणीचं कौतुक माणूस दोनदा सांगू शकतो. मी उगाच खोट शोधतेय का?

५ मे

सोळा वर्षांच्या आतल्या पोरांना घेऊन मिनीबसनं सामन्याला गेले. येताना मागच्या बाकावर ब्रोगन एका नव्या पोराला धडे देत होता.

“सीझनआधीची टेस्ट मन लावून सोडवू नकोस. जरा ढ बन. मग डोकं आपटलं तरी मार्क तेवढेच पडतात.”

“बाईंना कळलं तर?”

“बाई गाडी चालवतायत. हळू बोल.”

मी सिग्नलला उभी होते. हिरवा झाला तरी उभीच. मागून हॉर्न.

उतरताना ब्रोगनला बाजूला घेतलं. “हे कोणी शिकवलं?”

“कोणी म्हणजे... सगळ्यांनाच माहितीय, बाई. मनगटाला पट्टी कशी बांधायची ते दाखवतात ना, तसंच.” मग बुटांकडे बघत, “मला एलिसनं दाखवलं.”

मोठी पोरं धाकट्यांना घडवतात. पत्रकं आज छापून आली.

६ मे

एलिसच्या घरी गेले. आई कामावर. त्यानंच चहा केला.

“डोकं दुखतं का रे?”

“संध्याकाळी. थोडंसं.”

“कधीपासून?”

“बाई, तुम्ही अगदी आईसारखं विचारता.” हसला. मग कपात बघत म्हणाला, “त्या दिवसापासूनच.”

“आणि तरी खेळणार होतास?”

“बाकीच्या क्लबांचा एक पडला तर ते दुसरा आणतील. आपल्याकडे मीच आहे ना! तुम्हीच सांगता की — बाहेरचा कोणी येणार नाही, आमचा भरवसा तुमच्यावर.”

सांगते खरी. दर वर्षी, पहिल्याच दिवशी, आईबापांसमोर. टाळ्या पडतात.

“शनिवारनंतर सांगा बॅरीला. एवढं करा, बाई.”

नाही म्हटलं. निरोप द्यायला तो दारापर्यंत आला नाही.

७ मे

बॅरीला सांगितलं.

“अगं, तीन दिवसांवर मॅच आली!” त्यानं टेबलावरची संघाची यादी पुढे ओढली. “त्याच्या जागी कोण आहे माझ्याकडे? सांग ना. कोण आहे?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “बरं. बाहेर बसवतो त्याला. आणि हे त्याला मीच सांगतो. तुझ्यावर चिडलाय, थोडा माझ्यावरही चिडू दे.”

डॉक्टरांनी सगळ्यांच्या हंगामाआधीच्या चाचण्या रद्द केल्या. पोरं माझ्याशी बोलत नाहीत. ब्रोगनला त्यांनी वेगळं बसवलं जेवायला. त्याच्या शेजारी मी बसले, तर तो आणखीच लाजला.

हे मी एलिससाठी केलं, की माझ्या माथी काही येऊ नये म्हणून? दोन्ही असेल. त्याला फरक पडत नाही, पण मला पडतो.

१० मे, शनिवार

हरलो. बावीस-चार. फुलबॅकला, एरवी सगळ्यांत मागे खेळणाऱ्याला, एलिसच्या जागी उभं केलं होतं. बिचारा! हातातला चेंडू कुणाला द्यावा हेच कळेना त्याला. माझ्या मागून कोणीतरी ओरडलं, “पाळणाघर चालवा त्यापेक्षा!”

एलिस काळा चष्मा लावून पुढच्या रांगेत होता. उत्तरार्धात राहवलं नाही, उठून ओरडला, “डावीकडे! अरे, डावीकडे मोकळं आहे!” आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. माझ्या बाजूला बघितलं नाही.

११ मे

अध्यक्षांचा, अर्नशॉ साहेबांचा फोन. आवाजात काळजी होती. “मॅरियन, एका पराभवानं आपण वाट बदलत नसतो. मंगळवारी बोर्डात दोघं-तिघं बाहेरचा खेळाडू मागणार. त्यांना तूच उत्तर दे. घरच्या पोरांबद्दल तुझ्यासारखं कोणी बोलत नाही.”

हो म्हटलं. भाषण तर पाठच आहे.

१२ मे, सोमवार

डॉक्टरांनी एलिसला ऑगस्टपर्यंत मैदान बंद केलं. मी सोबत होते. किती दिवस, बरा होईन ना, असलं काही त्यानं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: “मग माझ्या जागी कोण?”

उद्या: बोर्डापुढे उभं राहून सांगायचं — बाहेरून एक स्टँड-ऑफ आणा.