दुर्गीची चोरचोळी

कार्तिक व. ३
मी म्हणे सुनेला पोटभर वाढत नाही! विहीणबाई ठाण्याहून आल्या, टेकल्या नाहीत तोच सुरू. "दुर्गीचे हात बघा, काड्या झाल्यात." माझ्या घरात, माझ्याच पाटावर बसून! तूपभात वाढते, पोर मुकाट्यानं खाते, नि मागल्या पडवीत जाऊन ओकते. सांगितलं तसं. तर एकदम खुलल्या. "अगोबाई, मग गोड बातमीच की!"
असेलही. तिसरा महिना, बाजूला बसलेली नाही. गालही भरलेत. मला कसं सुचलं नाही.

व. ७
चोरचोळीला हिरवा खण आणला. गाजावाजा न करता, तिसऱ्या महिन्यातच करायची. ह्यांना अजून बोलले नाही.
दुर्गीला आवळे दिले, आंबट हवंसं वाटत असेल म्हणून. एक चावला नि कळवळली. दात शिणशिणतात म्हणे. कडा झिजल्यात. सतरा वर्षांची पोर! डोहाळे लागलेली बाई आवळा टाकते होय?

व. ९
सुईण येऊन गेली. "काकू, पोटात काय नाय. गालाला सूज हाय." शिवून आणलेली चोळी तिच्या अंगावर धरली तर दिवाळीच्याच मापाची, पण लोंबते.
दार लावून विचारलं. रडली नाही. मागं वैद्यबुवांनी पित्तावर ओकारीचं औषध दिलेलं, तेव्हा हलकं वाटलं. आता जेवलं की छातीवर धोंडा. "मुद्दाम करतेस?" "नाही. ... हो, मुद्दामच." अन्नाची नासाडी म्हणून पुष्कळ बोलले. थांबता येत नाही म्हणाली.

अमावास्या
विहिरीवर पडली. बोटं आखडलेली, सरळ होईनात. वैद्यबुवा बराच वेळ मनगट धरून. "नाडी मधेच चुकते. माझ्या हातचं नाही. ठाण्याच्या सरकारी डॉक्टराला दाखवा."
हे म्हणतात, परका पुरुष सुनेला हात लावणार? नि त्याच्या बाटलीतलं पाणी आपल्याला चालतं? माहेरी पाठवा. केशव, नवरा ना तिचा, जमिनीकडे बघत, "बाबा म्हणतील तसं."

मार्गशीर्ष शु. २
विहीणबाईंचा निरोप. आमच्याकडे होती तेव्हा धड होती, आता तुमची तुम्ही बघा. बरं. बघते.
जेवण झाल्यावर पावटे सोलायला जवळ बसवली. उठू दिली नाही. गप्पा काय, माझ्याच. पेज पोटात राहिली. "सासूबाई, राहिली हो." हात मात्र गार.

शु. ४
पेजही राहिली नाही आज. चालताना भिंत धरते. छातीत फडफडतं म्हणे, पाखरासारखं.
चोळी उसवून बारीक केली. काही नसलं म्हणून काय, तिचीच आहे. घातली. जरा हसली.
ह्यांना पानावरच गाठलं. "बघू" म्हणाले. म्हटलं, बघून झालं. पोर जायची ही. बुधवारी सकाळच्या आगगाडीनं दुर्गी ठाण्याला जाणार, डॉक्टराकडे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मंगळवारी दिवा लागायच्या आत मला सांगा. तुम्ही नेता, की मी नेऊ?