नाव ठेवलं तर हाक येईल

निघोजे, १२ जानेवारी २०२५

ती. आईला पूनमचा पाया पडून नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. सातवीच शिकले, चुका काढू नको.

लेक चौदा महिन्यांची झाली, चालायली. पण बारसं अजून केलं न्हाई. दवाखान्याच्या कार्डावर 'बेबी ऑफ पूनम'च हाय. तुझे जावई कंपनीतून आले की चिडतात, म्हणतात हिला सासरी काय बेबी ऑफ पूनम म्हणून धाडायची का. त्यांना काय सांगू? पहिल्या लेकराचं, निरंजनचं नाव ठेवलं अन् सव्वा महिन्यात तो गेला. नाव सापडलं म्हणूनच नेला, असं मला वाटतं.

त्यात शेजारच्या शमीमभाभी म्हणाल्या, कयामतीला एकेकाला नावानं हाक येती, अन् त्या दिवशी दूध पाजणारी आईबी लेकराला विसरती. पलीकडच्या मार्थाताई चर्चला जातात. त्या म्हणाल्या, देवाच्या पुस्तकात ज्याचं नाव न्हाई तो आगीत. आपले महाराज तर प्रलयाला बारा सूर्य उगवायचं सांगतात. नाव ठेवू तर हाक, न ठेवू तर आग. कंपनीचा भोंगा झाला तरी मी पोरीला पदराखाली घेते. आई, काय करू?

तुझी पूनम


२० जानेवारी

चि. पूनमला आईचे लाख आशीर्वाद.

मी बोलते, तुझी वहिनी रुपाली लिहिती. मधी तिनं आपलं काय घातलं तर मला कळायचं न्हाई.

तुला कधी सांगितलं न्हाई. तुझ्याआधी मला एक पोरगा होता. किल्लारीच्या भूकंपाचं साल. गणपती बुडवून झोपलो अन् पहाटे घर अंगावर बसलं. लोक ढिगाऱ्यावर उभं राहून नावानं हाका मारायले. खालून ओ आली की तिथं उकरायचं. कोण कुठल्या देवाचा, कुणी विचारलं न्हाई. माझं लेकरू अकरा दिवसांचं, दुसऱ्या दिवशी बारसं. ते ओ देणार नव्हतंच. पण मला हाक मारायलाबी काही नव्हतं. आज इतकी वर्षं झाली, रडायचं तर कुणाच्या नावानं रडू?

जग बुडायचं तवा बुडू दे. लेकीला नाव ठेव.

तुझी आई गोजाबाई


निघोजे, ९ फेब्रुवारी

ती. आईला पूनमचा नमस्कार.

बारसं केलं. पाळण्यात मावंना, पाय बाहेर काढून हसत होती. शमीमभाभींनी शिरा केला. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' मार्थाताईच सगळ्यात मोठ्यानं म्हणाल्या. आत्याला सुट्टी न्हाई, म्हणून कानात नाव मीच सांगितलं. मोनिका.

तिला उचलल्यावर रिकाम्या पाळण्यात वाकून माझ्या भावाचंबी नाव ठेवलं. आजोबांचं, कोंडीराम. आता रडशील तर त्याच्या नावानं रड.

मोनिका हाकेला वळती. परवा मी भांडी घासत होते. कुणी हाक मारली न्हाई, तरी ती दाराकडं वळली, अन् ओळखीचं दिसल्यासारखी हसली. दारात कुणी नव्हतं. मी खरकट्या हातानं तिला उचललं अन् तिच्या कानात तिचं नाव घेत बसले, दुसऱ्या कुणाचा आवाज आत जाऊ नये म्हणून.

आमच्यावर माया असू दे. देवापुढं आमची आठवण काढ, पण तिचं नाव मोठ्यानं घेऊ नको.

तुझी पूनम