मालगाडी जाऊ दे, मग बोलू

४ जानेवारी
संकल्प: या वर्षी रेल्वेचा आवाज बंद. म्हणजे बंदच.

इतकी वर्षं ऑफिस होतं म्हणून दिवसा घरात नव्हतो. रिटायर झालो आणि कळलं, बिल्डिंगच्या मागून दिवसभर मालगाड्या जातात. गाडी आली की कपाटातल्या कपबश्या किणकिणतात, पंखा डोलतो, खिडकीच्या काचा थडथडतात. न्हाणीघराच्या भिंतीला तडा गेलाय. बाकीचे रहिवासी मुकाट सोसत बसलेत. पुढाकार घ्यायला कुणीतरी लागतं. मी आहे.

पण खरं नुकसान वेगळंच. माझं आणि हिचं बोलणंच होत नाही. मी विषय काढतो, जरा रंगात येतो, हिची पाळी येते आणि नेमकी मालगाडी. ही ओट्याकडे तोंड करून उभी. ओठ हलताना दिसतात. गाडी गेल्यावर विचारतो, काय म्हणालीस? काही नाही, म्हणते. लग्न झालं तेव्हा किती बोलायची ही! हातवारे करून बोलायची. ते बोलणं मला परत हवंय. रेल्वेनं माझा संसार मुका केलाय.

११ जानेवारी
समिती स्थापन. अध्यक्ष मी. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही, तेव्हा तेही मीच. सभासद दोन. खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तर आणि शेजारचे भूगोल सर. सर शाळेत भूगोल शिकवायचे, अजूनही जिन्यात भेटले की वारा कुठून वाहतोय ते आधी सांगतात. ते म्हणाले, आम्हाला सवय झालीय हो, कशाला उगाच. हा एक प्रकारचा होकारच. टेलरमास्तरांनी नुसती मान हलवली. तोंडात टाचण्या होत्या. मी जातो तेव्हा नेहमी असतात. कामाचा माणूस.

२ फेब्रुवारी
समितीच्या तक्रार-अर्जाला रेल्वेचं उत्तर नाही. रोज फॉलोअप. तिथला क्लार्क आता चांगला ओळखीचा झालाय. आज मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. सकाळचे साडेनऊ. सरकारी पोटं लवकर भुकेजतात.

हिला सांगितलं, मी हे सगळं तुझ्यासाठी करतोय. तेवढ्यात गाडी आली. हिचे ओठ बराच वेळ हलत होते. मला वाटतं, माझ्या यशासाठी देवाचं काहीतरी पुटपुटते. बोलून दाखवायचा स्वभाव नाही हिचा.

२० फेब्रुवारी
रेल्वेची इंजिनिअरबाई घरी आली! माझ्या मुलीच्या वयाची. वायब्रेशन मोजायचं मशीन आणलं, फरशीवर बसवलं, म्हणाली, थोडा वेळ कुणी चालू नका, बोलू नका. मी अगदी गप्प राहिलो. फक्त तिला प्रश्नाची पार्श्वभूमी समजावून दिली.

नंतर स्क्रीनवर आलेख दाखवला. एक शिखर सगळ्यात उंच. मी म्हटलं, हीच ती दुपारची मालगाडी. बाई म्हणाली, "नाही काका. मालगाडी ती बाजूची, बुटकी. हे तुम्ही."

उगाच नाही, ऑफिसात मला कधी माईक लागला नाही. ही घाईघाईनं आत गेली. पाठमोरी दिसली, खांदे हलत होते. अभिमानानं भरून आलं असावं.

बाईचं निदान: वळणावर रुळांचे सांधे झिजलेत, दर चाक तिथे आपटतं. सांधे जोडून रूळ सलग करणार, खाली रबर घालणार. फेज वन आमच्या मागे. फेज टू पुढच्या पादचारी पुलापर्यंत. म्हटलं ना, बंद म्हणजे बंदच.

१५ मार्च
काम जोरात. मी बाल्कनीतून देखरेख करतो, सूचना देतो. मुकादमानं सकाळी मला हात केला. दुपारीही केला. दुपारचा हात जरा वेगळा वाटला, पण लांबून नीट दिसलं नाही.

आवाज थांबल्यावर हिच्याशी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. माझा लढा, माझं ब्लडप्रेशर, मग मुलीची नोकरी. आणि हिलाही काही सुचलं तर ते.

२९ मार्च, दुपार
ऐतिहासिक दिवस. पहिली मालगाडी सरकत गेली आणि कपातला चहा हललासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवण झाल्यावर हिला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला बसलो. समिती कशी उभी केली इथवर आलो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरी गाडी जाताना दिसली. आवाज गेलाय हे हिच्या लक्षात नसावं. सवयीनं ओट्याकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, यांना रिटायर केलंस, तसं यांच्या जिभेलाही करायचं होतंस."

गाडी मागे हळूच निघून गेली. एक डबा वाजला नाही.

मी विचारलं, काय म्हणालीस?

काही नाही, म्हणाली.

३० मार्च
काल संध्याकाळी जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही. याला मी प्रार्थना समजत होतो! काळजाला घरं पडली.

शांतपणे विचार केला. रिटायर झालेले जगात पुष्कळ असतात. भूगोल सरांना उद्देशूनही असेल.

४ एप्रिल
सरांना उद्देशून नव्हतं.

बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ आहेत हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. आज टेलरमास्तर गिऱ्हाइकाला सांगत होते, वरचे काका जिन्यात दिसले की मी आधी टाचण्या तोंडात घेतो, नाहीतर हो-नाही करत दिवस जातो. मी वर उभा राहून शब्दन् शब्द ऐकला. याच माणसाला मी समितीत घेतलं. पँटची उंचीही तिथेच कमी करून घ्यायचो.

गाडीच्या वेळेला भूगोल सरांची सून सासऱ्यांना काय म्हणायची, तेही आता सरांना कळलंय. जिन्यात भेटले. वाऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. सगळी बिल्डिंग पाय न वाजवता चालते.

माझा सत्कार ठेवायचा विषय काढणार होतो. पुढे ढकलला.

९ एप्रिल
आज हिला सरळ विचारलं, तुझं माझ्याशी एवढं काय बिनसलंय? ही हात पुसत उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी होती तेव्हा बोलून मोकळी तरी होत होते. आता कुठे बोलू?"

मला सांग ना, म्हटलं.

"तुम्हाला सांगायचं तर आधी तुम्ही गप्प बसायला हवं."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जिच्यासाठी मी आख्खी रेल्वे अंगावर घेतली, तिनंच असं म्हणावं? पायात चपला चढवून खाली जाऊन बसलो. कुणी बोलवायला आलं नाही. डास फार होते म्हणून परत आलो.

संकल्प: उद्या संध्याकाळी तासभर मौन. ही बोलेल, मी ऐकेन.

१० एप्रिल
मौन बव्हंशी यशस्वी. सुरुवातीला मौनाचं महत्त्व सांगणं भाग होतं, त्यात थोडा वेळ गेला. मग म्हटलं, हं, बोल. ही समोर येऊन बसली. मग म्हणाली की तिला ना, संध्याकाळ झाली की कधीकधी... मी फक्त एवढंच सुचवलं की मुद्द्याचं आधी सांग. ती उठून भाजी चिरायला लागली.

माझा दोष नाही. तास लहान पडला.

१८ एप्रिल
ही रोज संध्याकाळी फिरायला जाते. एकटी. गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर न चढणारी बाई. येते ती अगदी टवटवीत होऊन. मी बरोबर येऊ का विचारलं. म्हणाली, नको, तुम्हाला दम लागतो. माझी किती काळजी.

२२ एप्रिल
इंजिनिअरबाईचा फोन. फेज टू रद्द! मी म्हटलं, कुणाच्या परवानगीनं? म्हणाली, काका, तुमच्याच रहिवाशांनी येऊन सांगितलं, पुलापाशी आवाज आहे तो राहू द्या. टेलरमास्तर होते, भूगोल सर होते, त्यांची सून होती.

वर म्हणाली, "काकूही होत्या. खरं तर त्याच बोलल्या सगळ्यांच्या वतीनं."

फितुरी. माझ्या मागे, माझ्याच समितीत, माझ्याच घरातून. आणि बोलली म्हणे! सरकारी ऑफिसात जाऊन बोलली. माझ्याशी काही नाही, काही नाही. घात केला या बाईनं.

हिला काही दाखवलं नाही. वरण अळणी होतं तरी गप्प जेवलो. संकल्प: उद्या मागोमाग जायचं आणि रंगेहाथ पकडायचं. कडक भाषण तयार आहे. तीन मुद्दे.

२३ एप्रिल, संध्याकाळ
पुलाच्या पायऱ्या चढलो. दम लागला, पण तो रागामुळे.

वर अर्धी बिल्डिंग. सगळे कठड्याला हात लावून ओळीनं उभे. सर या टोकाला, सून त्या टोकाला. टेलरमास्तर मधे, तोंडात एकही टाचणी नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला पाहून टेलरमास्तरांनी खिसा चाचपला.

भाषणाचा पहिला मुद्दा काढणार तोच सिग्नल पडला. मालगाडी आली. जुने सांधे, दर चाक आपटत होतं. पूल पायाखाली थरथरायला लागला. आणि सगळ्यांची तोंडं एकदम उघडली. सर बोलत होते. सून बोलत होती. टेलरमास्तर तर ओरडत होते.

ही रुळांकडे तोंड करून बोलत होती. हातवारे करून. लग्न झालं तेव्हा बोलायची तशी. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. तिनं पाहिलं मला. थांबली नाही. एकदा हसली, मग पदरानं डोळे पुसले, पुन्हा बोलायला लागली. मी कधी नव्हे ते मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकलं. एक शब्द कळला नाही.

तिचं संपलं तरी गाडीचे डबे अजून येत होते. मग मीही बोललो. रुळांकडे बघून. एकच वाक्य. माझ्या मानानं फारच छोटं.

शेवटचा डबा गेला. पूल थांबला. लोक खाली उतरायला लागले.

हिनं विचारलं, काय म्हणालात?

काही नाही, म्हटलं.