फाटकाबाहेर जायची चिठ्ठी

५ जुलै, सकाळ
पक्षाच्या सगळ्या आमदारांना बेंगळुरूबाहेरच्या रिसॉर्टवर आणून ठेवलंय. विश्वासमत होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. कुणी फुटू नये म्हणून. मोबाइलही काढून घेतले. मला राग नाही. होणाऱ्या आरोग्यमंत्र्याला विश्रांती हवीच. आमदार होऊन सातच महिने झालेत, पण पक्षात दुसरा एमबीबीएस आहे कोण? संकल्प: रोज चालणे, तळलेलं बंद.

संध्याकाळ
चाललो. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "साहेब, आतल्या आत फिरा." परत येऊन मद्दूर वडे खाल्ले. संकल्प उद्यापासून.

७ जुलै
शेजारच्या खोलीतले आमदार निंगप्पा आले. छातीत दुखतंय म्हणे. नाडी उत्तम, चेहरा टवटवीत. पण म्हणाले, "मंत्रीसाहेब, तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?" असा माणूस खोटं कशाला बोलेल? मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. पक्षाध्यक्ष शंकरण्णांनी माझी सही बघून फाटक उघडायला लावलं. सहीला वजन आलंय!

८ जुलै
सकाळपासून दाराशी रांग. सगळ्यांच्या छातीत दुखतंय. सगळे "मंत्रीसाहेब" म्हणतात. पाच चिठ्ठ्या दिल्या. पाठिंबा वाढतोय.
बायकोला फोन करू दिला. शंकरण्णांचा माणूस कान टवकारून शेजारी. म्हटलं, शपथविधीला साडी घे. ती म्हणाली, "अहो, दवाखान्याला कुलूप, पेशंट घरी येऊन मला बोलतात. शपथ राहू द्या, घरी या." मलाही जायचंय. फार जायचंय. पण मला चिठ्ठी कोण देणार?

१० जुलै
विश्वासमत. निंगप्पा आणि ते पाचही जण समोरच्या बाकांवर. सगळे ठणठणीत. आमचं सरकार पडलं. म्हणजे नाडी मी बरोबरच पाहिली होती.

११ जुलै
शंकरण्णा म्हणाले, "डॉक्टर, चिठ्ठीमागे किती घेतलेत?" मी शपथेवर सांगितलं, एक पैसा नाही. म्हणाले, "मग तर तुम्ही आणखीनच गाढव!" आमदारकी सोडा म्हणाले, प्रकृतीचं कारण, पेपरवाल्यांना दाखवायला सर्टिफिकेट. मी तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यांनी फाडलं. "तुमचं नको. दुसऱ्या डॉक्टरचं आणा." रडू आलं.

१३ जुलै, होसकेरी
गावी आलो. सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरकडे गेलो. रांगेत बसलो. छातीत दुखतंय म्हटलं, सर्टिफिकेट मागितलं. त्याने दोनदा तपासलं, ईसीजी काढला. म्हणाला, "सर, तुम्हाला काहीही झालेलं नाही. खोटं सर्टिफिकेट मी देत नाही."
पोरगा हुशार आहे. पण राजकारणात टिकायचा नाही.