हापशाचा उखाणा

मळेवाडी, नागपंचमी, १९७८

चि. ……… यास आजीचे आशीर्वाद.

मी राहीबाई. तुझ्या बापाची आई. इस्लामपूरकडं राहते. सांगलीत नोकरी लागल्यापासनं तुझ्या ध्यानातनं गेली असंल, म्हणून वळख सांगितली.

वर जागा मोकळी दिसंल. पत्र तुझी बायको अंजना लिहितीय आणि नवऱ्याचं नाव लिहिणं म्हणजे घेतल्यासारखंच, असं तिचं म्हणणं. सातवी शिकून एवढंच आलं.

गावातला हापसा मोडून दोन महिने झाले. कृष्णेला पूर हाय, घाट निसरडा, आणि सातवा महिना लागलेली अंजना घागर घेऊन चढती. परवा तुझ्या कचेरीची जीप बोलकी तक्रारपेटी घेऊन आली तवा जीव हरखला. अडाण्यानं नुसतं बोलायचं, मशीन ध्यानात ठेवतं, ही अक्कल तुझी म्हणं. पण मशीनमधनं तुझाच आवाज आला, की नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा, मग तक्रार सांगा. लेका, आजीला आज्याचं नाव विचारतोस?

दगडाबाईनं लाजत उखाण्यात नाव घेतलं. मग धोंडुबाई मागं राहती व्हय? तिनं लांबलचक घेतला. तिचा ऐकून दगडाबाईनं दुसरा घेतला. असं करता करता फीत संपली आणि जीप गेली. हापशाचं बोलायचं ऱ्हायलंच.

माया हाय तशी असू दे.
आजी

सांगली, १६ ऑगस्ट १९७८

ती. आजीस मानसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

साहेबांनी तुमची फीत दुपारभर ऐकली, चहा मागवून पुन्हा ऐकली, आणि शेरा मारला, की मळेवाडीत आनंदीआनंद आहे, तक्रार नाही. बाकी गावांतूनही उखाणेच आले. तक्रारच येत नसेल तर पेटी बंद करा, असं वरून आलंय. मग मी परत पाकिटांवर शिक्के मारायला.

नवऱ्याच्या नावाचा प्रश्न काढून टाकू का, असं विचारलं. साहेब म्हणाले, प्रश्न मंजूर झालेत, हात लावता येणार नाही. सोमवारी जीप शेवटची येईल. आजी, एकदाच सरळ नाव घ्या आणि लगेच हापशाचं बोला. अंजनाला नदीवर पाठवू नका.

आशीर्वाद असावा.
आपला नातू,
मानसिंग

मळेवाडी, श्रावणातला मंगळवार

चि. ……… यास आशीर्वाद.

नदीवर पाठवू नका म्हणून लिहितोस. मग पाणी काय पाकिटातनं पाठवणार हाईस?

आणि सरळ नाव घ्या म्हणं. लग्नात एकदा घेतलं, त्यावर आजवर निभावलं. आता मशीनपुढं कशी घेऊ? रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी बायकांना सांगितलं, की उखाणा घ्यायचाच हाय तर हापसा त्यातच घाला. माझा असा:

हापशाचा दांडा हलवला, आवाज आला खडखड,
………च्या नातसुनेची घाटावर चाललीय धडपड.

गाळलेली जागा मशीनला सांगितली, तुला सांगायची न्हाई. धोंडुबाईनं तर दोन ओळींत वायसर, पाइप आणि नवरा तिन्ही बसवले. आता तुझ्या साहेबाला कळू दे म्हणजे झालं. तुझी बायको काल घाटावर घसरली. घागर फुटली, ती बचावली. (मला हे लिहायचं नव्हतं, आजींनी डोळे वटारले. – अं.)

आजी

सांगली, ३० ऑगस्ट १९७८

ती. आजीस सा. न. वि. वि.

हुकूम निघाला. जसाच्या तसा उतरवतो: 'सौ. राहीबाई लालासाहेब, मु. मळेवाडी, यांच्या उखाण्याच्या अनुषंगाने सदर खडखड तात्काळ थांबविण्यात यावी.' उद्या मिस्त्री येतोय. पेटी चालू राहिली, मीही राहिलो.

मात्र साहेबांनी परिपत्रक काढलंय, की यापुढं तक्रार उखाण्यातच स्वीकारली जाईल, पुरुषांचीसुद्धा. आपल्या कोंडीबाला बांधाची तक्रार करायची तर बायकोचं नाव घ्यावं लागेल.

जीपबरोबर मशीन आणि तुमची फीत दोन दिवसांपुरती पाठवतोय. आजोबांना ऐकवा. अंजनाला जपा. बाळंतपणाआधी रजा काढून येतो.

मानसिंग

मळेवाडी, गणपती बसले त्या दिवशी

चि. ……… यास आशीर्वाद.

हापसा चालू झाला. पहिली घागर तुझ्या बायकोनं भरली, दारातल्या दारात. कोंडीबा मशीनपुढं घामाघूम झाला, बायकोचं नाव घेतलं आणि बांध विसरून घरी गेला.

तुझ्या आज्याला फीत लावली. माझ्या तोंडून नाव आलं तसं पलटणीत उभा ऱ्हावा तसा ताठ झाला. मग म्हणाला, परत लाव. परत लावली. सेल संपस्तवर तेच. फिरून उखाणा घे म्हणून आता दिवसभर मागं हाय. मी म्हटलं, तक्रार असल्याशिवाय न्हाई. तर काल पाना घेऊन हापशापाशी उभा सापडला.

त्याच्यावर नजर ठेवून हाय. तूही आमच्यावर ठेव.
आजी

ता. क. नवे सेल अजिबात पाठवू नकोस. भडंग पाठव, लसूण सढळ घातलेलं, डबा भरून. तोंडात भडंग असलं की नाव घे म्हणून कुणी मागं लागत न्हाई.