लोलोंचा वेगळा पेला

आदरणीय तिया ओफिंग,

आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावूनच लिहायला बसले आहे, असं समजा. गुडघे आता जिना चढू देतात ना? इकडे बेटावर सगळे बरे आहेत. (हे वाक्य मी दोनदा खोडलं. स्वयंपाकघरात मला अक्षरं शिकवताना तुम्ही म्हणायचात, खोटं लिहिलं की बोटांना मुंग्या येतात. येतात.)

आम्हा आरोग्यसेविकांच्या फोनवरच्या अभ्यासक्रमात यंदा गृहपाठ होता: क्षयाच्या रुग्णाची घरी जाऊन विचारपूस करा आणि चित्रण पाठवा. खरा रुग्ण नको, नातलगाकडून अभिनय करून घ्या. म्हणून मी लोलोंना, माझ्या आजोबांना म्हणजे तुमच्याच वडिलांना, बाकावर बसवलं. खोकला त्यांनी सुरेख केला. (तंबाखूमुळे ते खोकतातच. मला वाटलं, सवय कामी आली.) पण "किती दिवस खोकताय?" याला ते म्हणाले, "ईस्टरपासून." मी थांबवलं. "लोलो, धड्यात दोन आठवडे आहे." "मग धड्यालाच खोकायला सांग," म्हणाले. तिसऱ्या खेपेला कुठे बरोबर उत्तर मिळालं.

रेंज फक्त ग्रामकचेरीत. चित्रण नीट आहे ना, म्हणून मी तिथे ते पुन्हा पुन्हा लावून बघत होते, आणि दाखल्याच्या रांगेतले सगळेही बघत होते. संध्याकाळी माडी पिण्याच्या बैठकीत, जिथे साठ वर्षं एकच पेला सगळ्यांत फिरतो, तिथे होडीवाल्या किरयोने लोलोंपुढे नातवाचा गुलाबी प्लास्टिकचा पेला ठेवला. "तुझी नात शिकलेली आहे, अम्बो. तिच्या फोनात आलंय म्हणजे असणारच." क्षय पेल्यातून पसरत नाही, हे मी किरयोला सातव्या धड्यातून वाचून दाखवलं. "वाच," तो म्हणाला, "पण लांबून वाच." तेव्हापासून लोलो दाराशी बसून विणून झालेलं जाळं विणतात. मी हे त्यांच्यावर आणलं. तुमचा शब्द किरयो मानतो. तो सगळा अभिनय होता, असं त्याला दोन ओळींत लिहाल का?

तुमची,
जोनालिन

ता. क. मनिलाच्या बाईंचा शेरा आत्ताच आला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. खाली लिहिलंय, "रुग्णाचा खोकला अभिनय वाटत नाही. थुंकी तपासलीत का?" किरयोला काही लिहू नका.

पुन्हा ता. क. पत्राबरोबर किरयोच्याच होडीतून एक घट्ट बंद डबी येते आहे. दुपारच्या आत शहरातल्या दवाखान्यात पोचवा. (आत काय आहे, ते मी त्याला सांगितलं. मासळीचा बर्फ काढून त्यात डबी त्यानेच ठेवली.) डबीवरच्या चिठ्ठीत 'खोकला किती दिवस' असं विचारलंय. तिथे मी ईस्टरपासून लिहिलं आहे.